या बातमीचं बिल कोण भरणार?

शहरात नवं कॅफे उघडलं की चार दिवसांत त्याच्यावर पानभर मजकूर येतो. कुणाचं रेशन बंद झालं तर चार ओळीही येत नाहीत. यामागे कुणाचा दुष्टपणा वगैरे नाही. साधा हिशेब आहे, आणि तो एकदा मांडून बघायला हवा.

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. या साप्ताहिकात 'फूड' नावाचं जे पान असतं, ते मी लिहिते. बाणेरला नवं कोरियन जॉइंट उघडलं, औंधात कुणी साडेतीनशे रुपयांची कॉफी विकायला लागलं, संडे ब्रंचला रांगेत न थांबता टेबल कुठे मिळतं, हे तुम्हाला सांगणं माझं काम. मजेचं काम आहे, नाही कशाला म्हणू? बिल बहुतेक वेळा आपल्याला द्यावं लागत नाही, आणि शाळेतल्या मैत्रिणी जळतात ते वेगळंच.

मध्यंतरी एका सकाळी घरी पोळ्या करणाऱ्या मावशी कणीक मळता मळता म्हणाल्या, "ताई, तुम्ही पेपरात खाण्यावर लिहिता ना?"

म्हटलं, हो.

"मग आमच्या रेशनचं लिहा की. तेही खाण्याचंच आहे."

यावर काय बोलणार? मी हसून वेळ मारून नेली. पण वाक्य डोक्यातून जाईना. खरंच, 'फूड' लिहिणाऱ्या बाईने रेशनबद्दल कधी एक ओळही का लिहिली नाही? लिहायचं म्हटलं असतं, तर कुणी लिहू दिलं असतं का? आणि त्याचे पैसे कुणी दिले असते?

केशरी कार्ड आणि रिकामी पिशवी

मावशींची केस ऐका. मूळच्या लातूरकडच्या. नवरा वॉचमन, दोन मुलं. गावाकडे दिराबरोबर एकत्र रेशन कार्ड होतं, त्यावर धान्य मिळायचं. शहरात कायमचे आले तेव्हा कुणीतरी सांगितलं, विभक्त कार्ड काढा. गावाकडच्या कार्डातून नावं कमी केली, इथे नवं कार्ड काढलं. कार्ड मिळालं, छान केशरी रंगाचं. धान्य मात्र बंद! दुकानदार म्हणतो, तुमचं नाव मशीनवर दिसत नाही. ऑफिसात जा.

त्या ऑफिसात त्या तीनदा जाऊन आल्या होत्या. तीन खाडे. चौथ्यांदा मी बरोबर गेले, 'प्रेस'वाली म्हणून नाही, नुसती शेजारी उभी राहायला. खिडकीतल्या माणसाने अजिबात आरडाओरडा केला नाही, उलट नीट समजावून सांगितलं. म्हणाला, "कार्ड आहे हो, पण इष्टांक शिल्लक नाही. नाव लिहून ठेवतो."

इष्टांक हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तुम्हीही ऐकला नसेल, म्हणून सांगते. २०१३ मध्ये देशात राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. त्यात महाराष्ट्राला लाभार्थ्यांची एक मर्यादा ठरवून दिली गेली : ग्रामीण भागात ७६.३२ टक्के लोक, शहरी भागात ४५.३४ टक्के. २०११ च्या जनगणनेवरून हिशेब केला आणि आकडा आला सात कोटी सोळा हजार. हा आपला इष्टांक. बस भरली की कंडक्टर दार लावून घेतो, तसं. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे बसच्या सीट्स २०११ च्याच राहिल्या. या काळात पुण्या-मुंबईत किती माणसं आली, किती पोरं जन्मली, हे आपण रोज ट्रॅफिकमध्ये बघतोच की.

त्यात आणखी एक गंमत. शहरात या योजनेत बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती हवं? ५९ हजार रुपयांच्या आत. कायदा लागू करताना राज्याने ठरवलेला हा आकडा. खिडकीतल्या माणसानेही मला तोच सांगितला. भागून बघा : अख्ख्या कुटुंबाचे दिवसाला साधारण १६१ रुपये. मी ज्या कॉफीवर गेल्या महिन्यात दोनशे शब्द लिहिले, तिच्या अर्ध्या कपापेक्षाही कमी. शहरात राहून, भाडं भरून, मुलं शाळेत घालून कोणतं कुटुंब यात बसतं? मावशी पाच घरच्या पोळ्या करतात. कागदावर बघितलं तर त्या 'गरीब' नाहीतच!

कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबात माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. मावशींच्या चौघांचं वीस किलो. बाजारात हेच गहू-तांदूळ आठ-नऊशे रुपयांना पडतात. एका घरच्या पोळ्यांचा त्यांचा जवळजवळ निम्मा पगार.

ही बातमी आहे की नाही? माझ्या मते पहिल्या पानाची आहे. एकट्या मावशींची तर नाहीच. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्येच हिशेब मांडला होता, की जुन्या जनगणनेमुळे देशभरात दहा कोटींहून जास्त माणसं रेशनबाहेर राहिली आहेत.

चार दिवस विरुद्ध दोन तास

आता धंद्याचं बोलू. एका कॅफेवर लिहायला मला दोन तास लागतात. जायचं, खायचं, मालकाशी गप्पा मारायच्या, फोटो त्यांची पीआर एजन्सी पाठवते. खर्च जवळजवळ शून्य. वर पुढच्या महिन्यात त्या कॅफेची जाहिरात येण्याची शक्यता!

मावशींच्या बातमीला आतापर्यंत माझे चार दिवस गेलेत. रिक्षाचे साडेअकराशे रुपये. झेरॉक्स. माहिती अधिकाराचे दोन अर्ज, त्यावर दहा-दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. उत्तर द्यायला ऑफिसला कायद्याने तीस दिवस असतात, म्हणजे महिनाभर बातमी लटकलेली. दोन वस्त्यांमध्ये प्रत्येकी एक दिवस. एका वकील मित्राकडून फुकटात मजकूर तपासून घेणं. आणि जाहिरात? रेशन दुकानदार जाहिरात देत नाही. ज्यांचं रेशन बंद झालंय ते तर नाहीच नाही.

मी संपादकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "विषय छान आहे. पण या पानाला स्पॉन्सर कोण?" मला राग आला नाही. त्यांना दर महिन्याला वीस जणांचे पगार करायचे असतात. (लेख छापतायत म्हणून हे लिहीत नाहीये. खरंच आला नाही.)

पी. साईनाथ एक किस्सा नेहमी सांगतात. मुंबईत फॅशन वीक होता, थीम होती कॉटन. तो कव्हर करायला पाचशेहून जास्त पत्रकार अधिकृत पास घेऊन हजर. त्याच दिवसांत विदर्भात कापूस पिकवणारे शेतकरी आत्महत्या करत होते, आणि बाहेरून तिथे गेलेले पत्रकार होते मोजून सहा. त्या पाचशेंमध्ये आमच्यासारख्या पानांची माणसंच असणार. आम्ही काही राक्षस नाही. आम्हाला तिथे पाठवायला पैसे होते, विदर्भात पाठवायला नव्हते.

वाढदिवसाच्या जाहिराती

तुम्ही म्हणाल, शहराचं सोडा, तालुक्याच्या गावी वार्ताहर असतातच की. असतात. त्यांना पैसे कोण देतं, हे कधी विचारलंय? गावाकडे गेलात की तिथला पेपर उघडून बघा. भाऊ, दादा, साहेब यांचे वाढदिवसाचे फोटो, खाली शुभेच्छुकांची लाइन. त्या जाहिराती गोळा करतो तो बहुतेक वेळा वार्ताहरच, आणि त्याचं खरं उत्पन्न म्हणजे त्यावरचं कमिशन. बातमीचे त्याला जे मिळतं त्यात गाडीचं पेट्रोलही सुटत नाही. काही ठिकाणी तर काहीच मिळत नाही, फक्त ओळखपत्र मिळतं.

आता विचार करा. गावातलं रेशन दुकान भाऊंच्या मेव्हण्याचं आहे. शाळेतल्या खिचडीचं काम दादांच्या बचत गटाकडे आहे. धान्य काळ्या बाजारात जातंय हे वार्ताहराला माहिती आहे, अख्ख्या गावाला माहिती आहे. त्याने लिहायचं आणि पुढच्या महिन्यात भाऊंच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात घालवायची? तुमचा बॉस आणि तुमचा क्लायंट एकच असेल, तर तुम्ही तरी काय केलं असतं?

तरी काही जण लिहितात. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात पवन जयस्वाल नावाचा स्थानिक पत्रकार होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तो एका सरकारी प्राथमिक शाळेत गेला आणि दुपारच्या जेवणात मुलांना मीठ-रोटी वाढतायत याचा व्हिडिओ काढला. देशभर गाजला तो. मग काय झालं? गुन्हा दाखल झाला पवनवरच, कट रचून सरकारची बदनामी केली म्हणून. जिल्हाधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की हा छापील पेपरचा माणूस, याने व्हिडिओ कशाला काढायचा, फोटो काढायचा! डिसेंबरमध्ये पोलिसांनी त्याला क्लीन चिट दिली. पुढे त्याला कॅन्सर झाला. उपचाराला पैसे नव्हते म्हणून त्याने ट्विटरवर लोकांकडे मदत मागितली. मे २०२२ मध्ये तो गेला.

त्या व्हिडिओची देशातल्या मोठमोठ्या चॅनेल्सनी बातमी केली. त्या बातमीच्या आगेमागे साबण, गाड्या, मोबाइल यांच्या जाहिराती लागल्याच असतील. त्यातला एक रुपया मिर्झापूरला पोचायची सोयच या धंद्यात नाही. मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

पैसे कुठून आणले त्यांनी?

पण थांबा, सगळं इतकं काळंकुट्ट नाही. काही जणांनी जाहिरातीशिवाय वाट काढलीय, आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

साईनाथांचंच बघा. १९९३ मध्ये त्यांनी टाइम्स ऑफ इंडियाच्या फेलोशिपसाठी अर्ज केला. विषय : देशातले सगळ्यात गरीब जिल्हे. मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं, समजा आमच्या वाचकांना यात इंटरेस्टच नसेल तर? त्यांनी उलट विचारलं की वाचकांना तुम्ही शेवटचे कधी भेटलात? फेलोशिप मिळाली. पाच राज्यांतल्या दहा जिल्ह्यांत ते फिरले, हजारो किलोमीटर तर पायी. पेपरात ८४ रिपोर्ट छापून आले, १९९६ मध्ये पुस्तक झालं, मराठीतही 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने आलं. लोकांनी ते हपापल्यासारखं वाचलं. म्हणजे इंटरेस्ट होता, फिरायला पैसे देणारं कुणीतरी हवं होतं. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया सुरू केलं. ते फुकट वाचता येतं, मराठीतही, आणि चालतं देणग्या आणि स्वयंसेवकांच्या कामावर.

दुसरी वाट चित्रकूटची. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात, दिल्लीच्या 'निरंतर' या संस्थेच्या पाठबळावर 'खबर लहरिया' नावाचा पेपर निघाला. बुंदेली बोलीत, गावातल्या बायकांनी काढलेला. बऱ्याच जणी दलित, काही आदिवासी, काही मुस्लिम. रेशन, हातपंप, रस्ते, शाळेतलं जेवण हे त्यांचे विषय. पोलीस आणि सरपंच आधी हसायचे, मग चिडायला लागले. २००९ मध्ये युनेस्कोचं किंग सेजोंग पारितोषिक, नंतर कागदावरून मोबाइलवर झेप, आणि त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट थेट ऑस्करच्या नामांकनापर्यंत. मला यातली ट्रॉफीची गोष्ट फारशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचं हे, की त्या बायकांना पगार मिळत होता. महिन्याच्या महिन्याला. भाऊंच्या वाढदिवसावर अवलंबून नसलेला.

छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये 'सीजीनेट स्वरा' सुरू झालं. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांना एक आंतरराष्ट्रीय नाइट फेलोशिप मिळाली होती, त्यातून ते उभं राहिलं. आयडिया एकदम साधी : एका नंबरवर फोन करा आणि आपली बातमी गोंडीत किंवा हिंदीत बोलून ठेवा. दुसरा फोन करेल त्याला ती ऐकू येईल. रेशन आलं नाही, शाळेत जेवण बंद आहे, रोजगार हमीची मजुरी थकली, अशा तक्रारी लोक बोलत. खाली संबंधित अधिकाऱ्याचा नंबरही सांगत. मग शहरातला ऐकणारा त्या साहेबांना फोन लावी, आणि साहेबांना कळेना की दंतेवाड्यातल्या खिचडीबद्दल बंगळुरूहून फोन कसा काय येतोय!

आणि आपल्या शेजारच्या गोव्यात 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' आहे. वस्तीतल्या, गावातल्या माणसांना कॅमेरा चालवायला शिकवायचं आणि व्हिडिओमागे मानधन द्यायचं, ही त्यांची पद्धत. अंगणवाडी, रेशन, पाणी असे विषय. व्हिडिओ झाला की काम संपलं असं नाही. तो घेऊन ऑफिसात जायचं, प्रश्न सुटला तर त्याचाही व्हिडिओ करायचा. मला ही पद्धत आवडते. बातमीनंतरच्या फेऱ्यांचेही कष्ट असतात, हे त्यात मान्य केलंय.

मुख्य म्हणजे ही माणसं तिथलीच. अमर्त्य सेन यांचं एक म्हणणं आपण सगळे कॉलेजात ऐकतो : जिथे लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं असतात तिथे मोठा दुष्काळ पडत नाही, कारण बातमी आली की सरकारला हलावं लागतं. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. सरकार गप्प होतं. ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी रस्त्यावरच्या भुकेल्या माणसांचे फोटो छापले, आणि मग कुठे दिल्ली-लंडनला जाग आली. पण सेन दुसरीही गोष्ट सांगतात, ती आपण विसरतो. रोजची भूक, थोडी कमी पडणारी पोळी, याची बातमी होत नाही. तिचा फोटो निघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. ही मुलं बघायला बाहेरून कुणी येऊन दोन दिवस राहून चालत नाही. तिथलंच कुणीतरी वर्षभर बघत असावं लागतं.

नाहीतर काय होतं, ते झारखंडमध्ये दिसलं. सप्टेंबर २०१७ मध्ये सिमडेगा जिल्ह्यात एक ११ वर्षांची मुलगी गेली. आधारशी जोडलं नाही म्हणून घरचं रेशन कार्ड रद्द झालं होतं, कित्येक महिने धान्य आलं नव्हतं. ती भात मागत गेली, असं आईने सांगितलं. मलेरिया होता, असं प्रशासनाचं म्हणणं. देशाला हे कळायला दोनेक आठवडे लागले, तेही अन्न अधिकाराचे कार्यकर्ते गावात पोचले तेव्हा. कार्ड रद्द झालं त्या महिन्यात कुणी दहा ओळी छापल्या असत्या तर... असो.

खिचडी चालेल, बातमी नको

आता तुमच्याकडे येऊ. तुमच्यातले बरेच जण मोठ्या कंपन्यांत आहात. वर्षातून एकदा सीएसआरचा दिवस असतो, सगळ्यांना सारखे टी-शर्ट मिळतात, वस्तीत जाऊन खिचडी किंवा धान्याची किट वाटायची, ग्रुप फोटो. मीही एकदा गेलेय. वाईट नाही वाटलं, उलट छान वाटलं.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कशावर करायचे याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि यादीतला पहिलाच विषय आहे भूक, दारिद्र्य आणि कुपोषण निर्मूलन. म्हणजे खिचडीला पैसे चालतात. पण खिचडीचे सरकारी तांदूळ कुठे गेले, हे शोधणाऱ्या पत्रकाराला? पत्रकारिता त्या यादीत नाही.

बरं, परदेशातून मिळतील? अमेरिकेत याचं पेव फुटलंय. अन्न आणि शेती यांवर शोधपत्रकारिता करायला २०११ पासून फूड अँड एन्व्हायर्न्मेंट रिपोर्टिंग नेटवर्क ही ना-नफा संस्था आहे. स्थानिक बातम्यांसाठी २०२३ मध्ये तिथल्या फाउंडेशन्सनी मिळून 'प्रेस फॉरवर्ड' नावाने ५० कोटी डॉलर्सहून जास्त रक्कम जाहीर केली. आपल्याकडे यातला डॉलर येऊ शकत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक, इतकंच काय व्यंगचित्रकारसुद्धा परदेशी देणगी घेऊ शकत नाही. बाहेरच्या पैशाने इथल्या बातम्या ठरू नयेत, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण मग इथला पैसा हवा ना?

इथला थोडा आहे. २०१५ मध्ये बंगळुरूत इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन स्थापन झालं. अझीम प्रेमजी, रोहिणी निलेकणी अशा लोकांनी त्यात पैसे घातले, त्यातून अनेक छोट्या वृत्तसंस्थांना मदत झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याचा तिथे सर्व्हे झाला. अशा बातम्या आल्या की छोटे देणगीदारही दोनदा विचार करतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शिवाय मोठ्या देणगीदाराची एक खोड असते, ती त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. त्याला 'इम्पॅक्ट' हवा असतो, तोही मार्चच्या आत. एक वर्ष पोषण, पुढचं वर्ष हवामान, त्याच्या पुढचं आणखी काहीतरी. रेशनच्या ऑफिसातली रांग मात्र दर वर्षी तीच असते.

म्हणून माझं मत असं झालंय, की हे पैसे छोटे, पुष्कळ आणि नियमित हवेत. महिन्याला दोनशे-तीनशे रुपये, ओटीटीच्या सबस्क्रिप्शनएवढे, पण तीन-चारशे जणांकडून. एका वॉर्डात किंवा एका तालुक्यात एका माणसाचा पगार, पेट्रोल आणि लागलाच तर वकील यातून सुटतो. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्याकडून वर्गणी घेता येणार नाही, हे उघड आहे. मुंबईचा एम-पूर्व वॉर्ड, म्हणजे गोवंडी-मानखुर्द, २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सगळ्यात तळाला होता. तिथल्या माणसाने बातमी विकत घ्यायची आणि चेंबूर-पवईच्या माणसाने फुकट वाचायची, हे काही बरं दिसत नाही.

यात एक अडचण मला अजून सुटलेली नाही. पैसे देणारे तुम्ही-आम्ही असलो, तर तो पत्रकार हळूहळू आपल्याला आवडेल असंच लिहायला लागणार नाही का? म्हणजे डोळ्यांत पाणी येईल असं, किंवा शेवटी सगळं छान झालं असं. इष्टांकावर कोण दर महिन्याला वाचणार? खरं सांगा, हा लेख वाचताना तो टक्केवारीचा परिच्छेद तुम्ही गाळला नाहीत ना? 'खबर लहरिया'चे पहिले वाचक त्याच गावांतले होते, नाममात्र पैसे देऊन पेपर घेणारे, चूक झाली तर दारात येऊन भांडणारे. देणगी कुठूनही येवो, असा भांडणारा वाचक जवळ असला तर पत्रकार ताळ्यावर राहत असावा, असं आपलं मला वाटतं.

आमच्या संपादकांशी मी थोडा सौदा केलाय. महिन्यातून एकदा 'फूड'चं अर्धं पान रेशन, अंगणवाडी, शाळेतलं जेवण यांना. स्पॉन्सरशिवाय. रिक्षाचे पैसे ऑफिस देणार, माझा वेळ माझा. फार मोठी क्रांती नाही, मला माहिती आहे. शिवाय पुढच्या आठवड्यात बाणेरच्या तीन नव्या कॅफेंवर पानभर आहेच, तेही मीच लिहितेय.

मावशींना सांगितलं की तुमच्यावर लिहिलंय, नाव घातलेलं नाही. त्या म्हणाल्या, "नाव घालायचं की! घाबरते का मी?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "नको पण. दुकानदाराशी रोजचा संबंध आहे."

माहिती अधिकाराच्या अर्जाला येत्या सोमवारी तीस दिवस होतात. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मावशींनी त्या तारखेभोवती पेनाने गोल केलाय, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.